वाचकांचे प्रश्न : मेपल स्ट्रीटवरचा एकच दिवा

मागच्या अंकात मी एका जुन्या अमेरिकी मालिकेतला एक भाग बघायला सुचवला होता. मालिका 'द ट्वायलाइट झोन', भाग 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट'. ४ मार्च १९६० रोजी तो सीबीएस वाहिनीवर पहिल्यांदा दाखवला गेला. कृष्णधवल आहे आणि जेमतेम पंचवीस मिनिटांचा. त्यावर आलेली पत्रं बहुतेक आपल्याच भागातली आहेत. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट सांगतो. शेवटही सांगणार आहे, कारण पुढची उत्तरं त्याशिवाय कळायची नाहीत.

शनिवारची संध्याकाळ, पावणेसातचा सुमार. आइस्क्रीमवाला फिरतोय, पोरं खेळताहेत. डोक्यावरून गडगडाट करत काहीतरी लखलखत जातं आणि गल्लीतली वीज जाते. फोन बंद, रेडिओ बंद, गाड्याही सुरू होत नाहीत. पीट व्हॅन हॉर्न नावाचा शेजारी पलीकडच्या गल्लीत काय आहे ते बघायला चालत जातो. तेवढ्यात टॉमी नावाचा मुलगा आपण वाचलेली एक गोष्ट सांगतो : परग्रहावरचे लोक हल्ला करायच्या आधी आपली माणसं पुढे पाठवतात, आई-बाप आणि दोन मुलं, दिसायला अगदी आपल्यासारखी. मोठी माणसं हसतात. मग लेस गुडमनची गाडी आपोआप सुरू होते आणि हसणं थांबतं. एका बाईला आठवतं की गुडमन मध्यरात्री आकाशाकडे बघत उभा असतो. तो म्हणतो, मला झोप येत नाही. कुणाला पटत नाही. अंधार पडल्यावर गल्लीच्या टोकाकडून एक सावली येते. चार्ली नावाचा माणूस बंदूक हिसकावून गोळी घालतो. मेलेला असतो तो पीट, चौकशी करून परत येणारा. पुढच्याच क्षणी चार्लीच्या घरातला दिवा लागतो आणि सगळे चार्लीवर उलटतात. दगड लागून रक्त आल्यावर चार्ली बोट दाखवतो लहानग्या टॉमीकडे. मग दिवे इथे लागतात, तिथे विझतात, आणि गल्ली स्वतःला फाडून खाते. जवळच्या टेकडीवर खरे परग्रहवासी उभे असतात. दोघेच. फक्त बटणं दाबत असतात.

बारावीत शिकतो. तुम्ही वीज मंडळात होतात म्हणून विचारतो. सगळ्या गल्लीत अंधार आणि एकाच घरात उजेड, हे शक्य आहे का? गाडी आपोआप सुरू होऊ शकते का? (चोपडा)

बाळा, हा प्रश्न त्या गल्लीत एकानं जरी विचारला असता तरी पीट वाचला असता असं मला वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या गावच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, ११ हजार व्होल्टची लाइन येते. तिथे दाब उतरतो आणि तीन फेज नि एक न्यूट्रल अशा तारा गावात जातात. साध्या घराला त्यातली एकच फेज आणि न्यूट्रल मिळते, म्हणजे २३० व्होल्ट. तुझ्या घराला लाल फेज असेल, शेजारच्याला पिवळी, समोरच्याला निळी. एका फेजचं किटकॅट, म्हणजे फ्यूज, उडालं की त्या फेजवरची घरं अंधारात आणि बाकीची उजेडात. दोन फेज गेल्या तर उजेडातली घरं मोजकीच राहतात, ती गल्लीत विखुरलेली असतात आणि बघणाऱ्याला वाटतं, हिच्याच घरी कशी काय लाइट? नोकरीत असताना हे भांडण मी धुळे-जळगावच्या किती गावांत मिटवलं त्याला गणती नाही. सरपंचाच्या घरी उजेड असला की लोक म्हणत, साहेबांनी सरपंचासाठी वेगळी तार ओढून दिली. मी त्यांना खांबापाशी नेऊन वर बोट दाखवून तारा समजावून सांगायचो. समोर तार दिसली की माणसं ऐकतात.

अमेरिकेतली पद्धत वेगळी आहे. तिकडे एक लहान ट्रान्सफॉर्मर थोड्याच घरांना वीज पुरवतो, त्यामुळे एखाद्याच घराचा दिवा लागणं तिथे आणखी सोपं.

गाडीचं म्हणशील तर सैल जोडणी हे पुरेसं कारण आहे. स्टार्टरचा सोलेनॉइड (चुंबकावर चालणारा स्विच) चिकटला तर किल्लीला हात न लावता स्टार्टर फिरतो. पण एकाच वेळी गल्लीतल्या सगळ्या गाड्या बंद पडणं मात्र नेहमीचं नव्हे. आणि त्याहून मोठं कोडं आहे फोनचं. जुन्या लँडलाइनला वीज घरातून मिळत नसे. ती एक्सचेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून फोनच्याच तारेनं येई, म्हणून लाइट गेली तरी फोन चालत असे. दिवे, फोन आणि गाड्या एकदम बंद पडणं ही खरोखर विचार करण्याजोगी गोष्ट होती. तिचं कारण गल्लीच्या बाहेर, वर कुठेतरी असणार, हे थोडं शांतपणे बघितलं असतं तर कळलं असतं.

असं वरून होऊ शकतं का? ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेनं पॅसिफिक महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अणुस्फोट केला होता, 'स्टारफिश प्राइम' नावाचा. तिथून सुमारे १,४५० किलोमीटरवर हवाई बेटांवर रस्त्यावरचे काही दिवे त्यामुळे गेले. ही मालिकेच्या त्या भागानंतर दोन वर्षांनी घडलेली गोष्ट आहे. सूर्याकडूनही असा तडाखा बसतो. मार्च १९८९ मध्ये चुंबकीय वादळानं कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास घालवली होती. तुला अभियांत्रिकीला जायचं असेल तर हे दोन्ही विषय वाच.

२०२२ च्या गुढीपाडव्याला रात्री आकाशात जळत्या तुकड्यांची रांग आम्ही केळीच्या बागेतून पाहिली. गावात कुणी विमान म्हणालं, कुणी उडती तबकडी. ते काय होतं? (रावेर)

२ एप्रिल २०२२. ते रॉकेट होतं. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची मोठी कडी पडली. अभ्यासकांनी तिचा संबंध चीनच्या 'लाँग मार्च ३बी' रॉकेटच्या परत वातावरणात शिरलेल्या टप्प्याशी जोडला.

पुन्हा कधी दिसलं तर स्वतः ओळखता येईल. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगानं येते आणि बहुधा दोन-चार सेकंदांत संपते. रॉकेटचा तुकडा सेकंदाला आठेक किलोमीटरनं, जवळजवळ आडवा येतो, त्यामुळे तो आकाश ओलांडायला मिनिटभरही घेतो आणि त्याचे तुकडे एकामागोमाग एकाच दिशेनं चालतात. तुम्ही 'रांग' म्हणालात तिथेच उत्तर होतं. त्या रात्री तुम्ही बागेत उभं राहून शेवटपर्यंत बघत राहिलात, आणि तीन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही 'ते काय होतं' असं विचारताहात, याचं मला फार कौतुक वाटतं.

परग्रहावरचे लोक माणसाच्या रूपात आपल्यात लपून राहत असतील का? खरं सांगा. (नववी, भुसावळ)

नाही. आपल्याला सूर्य सोडून सगळ्यांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी, तो ४.२४ प्रकाशवर्षं दूर. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटरनं जातंय. त्या वेगानं तेवढं अंतर कापायला ७० हजार वर्षांच्या वर लागतील. आणि आपलं शरीर या पृथ्वीवरच्या कोट्यवधी वर्षांच्या जीवनातून घडलेलं आहे. दुसऱ्या ग्रहावर वाढलेला जीव दोन हात, दोन डोळे आणि आपलंच रक्त घेऊन येईल असं मानायला काहीच आधार नाही. विश्वात दुसरीकडे जीव असेल का, हा मात्र उत्तम प्रश्न आहे आणि त्यावर खरी शास्त्रज्ञ मंडळी काम करतात. तू रात्री निवांत झोप.

मी शाळेत इंग्रजी शिकवते. ही गोष्ट शेजाऱ्यांच्या संशयाची आहे हे उघड आहे. मग लेखकानं त्यात परग्रहवासी कशाला आणले? सरळ सांगितलं असतं तर? (शिरपूर)

बाई, त्यानं आधी सरळच सांगायला घेतलं होतं.

हा भाग रॉड सर्लिंगनं लिहिला, मालिकाही त्याचीच. दुसऱ्या महायुद्धात तो फिलिपिन्समध्ये छत्रीधारी सैनिक म्हणून लढला होता. १९५५ साली मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्यांनी मारून टाकलं आणि खटल्यात आरोपी निर्दोष सुटले. ते सर्लिंगच्या मनाला लागलं. त्यावर त्यानं दूरचित्रवाणीसाठी नाटक लिहिलं. जाहिरातदारांनी आणि वाहिनीनं त्यात इतके बदल करायला लावले की १९५६ साली ते दाखवलं गेलं तेव्हा मूळ घटना त्यात ओळखूही येत नव्हती. जमावानं माणूस मारल्याची गोष्ट सरळ सांगू देत नाहीत हे त्यानं पाहिलं आणि १९५९ साली 'द ट्वायलाइट झोन' सुरू केली. परग्रहवासी असले की जाहिरातदार हरकत घेत नसत. १९६४ पर्यंत मालिकेचे १५६ भाग झाले, त्यातले ९२ त्यानं स्वतः लिहिले.

काळही लक्षात घ्या. १९५० च्या फेब्रुवारीत सिनेटर मॅकार्थीनं सरकारी खात्यात कम्युनिस्ट लपलेत असं जाहीर भाषणात सांगितलं आणि पुढची काही वर्षं अमेरिकेत लोकांनी सहकाऱ्यांची, शेजाऱ्यांची नावं दिली. १९५७ साली रशियाचा स्पुटनिक उपग्रह डोक्यावरून गेला. आकाशाची भीती आणि शेजाऱ्याची भीती, दोन्ही त्या प्रेक्षकांच्या घरात आधीच होत्या. २००३ साली याच गोष्टीची नवी आवृत्ती निघाली तेव्हा परग्रहवासींच्या भीतीच्या जागी अतिरेक्यांची भीती आली.

मला स्वतःला परग्रहवासी आणल्यानं गोष्ट अधिक खरी झाली असं वाटतं. कम्युनिस्ट म्हटलं असतं तर बघणारा म्हणाला असता, असतील एखाद-दोन. परग्रहवासी म्हटल्यावर एकच प्रश्न उरतो : आपण माणूस आहोत हे गुडमननं सिद्ध करायचं कसं? झोप येत नाही हे खरं कारण त्यानं दिलं. त्याहून अधिक काय देणार? खरं बोलूनही सुटका नाही अशा जागी त्याला उभं केलं गेलं. त्या भागात मला सर्वांत भयंकर वाटते ती ही जागा. गोळी त्यानंतरची.

तुम्ही हा भाग आपल्या भागातल्या वाचकांना मुद्दाम का सुचवला ते आम्हाला समजलं. राईनपाडा आमच्याच तालुक्यात आहे. पण मुलं पळवणारे जगात नसतात का? लेकरं असलेल्या माणसानं संशय घ्यायचाच नाही का? (साक्री तालुका)

होय, मुद्दाम सुचवला. आणि तुम्ही तो प्रश्न तोंडावर विचारलात याबद्दल तुमचे आभार मानतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : १ जुलै २०१८, रविवार, राईनपाड्याच्या आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणारा हा भटका समाज. त्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. त्या दिवसांत मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे संदेश मोबाइलवर फिरत होते. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलू लागला, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. जमावानं पाचही जणांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मूळची कराचीतली होती. मुलांना जपा हे सांगायला तिथल्या लोकांनी ती मुद्दाम अभिनय करून बनवली होती. शेवटी त्यातलं पळवलेलं मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवून सावध करतात. कुणीतरी तो शेवट कापला. टेकडीवर उभं राहून बटण दाबणाऱ्याचं काम इतकं सोपं होतं.

राईनपाड्याचे लोक वेगळ्या मातीचे होते असं मी मानत नाही. त्या पट्ट्यात मी नोकरी केली आहे. रात्री-अपरात्री फॉल्ट काढायला गेल्यावर त्या पाड्यांनी आम्हाला भाकरी वाढली आहे. मेपल स्ट्रीटवरचे लोकही गुडमनला आदल्या दिवशीपर्यंत हात करत होते.

आता तुमचा प्रश्न. लेकराचा बाप संशय घेणार, घ्यायलाच हवा. अनोळखी माणसाला 'कोनता गावना शेतस भाऊ?' असं विचारणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि चांगली रीत आहे. पुढे काय विचारता यावर सगळं ठरतं.

एक प्रसंग सांगतो. तेव्हा चोर आल्याच्या वावड्या उठल्या होत्या. गावोगाव काठ्या घेऊन गस्त चालू होती. ११ केव्हीच्या लाइनवर जंपर (दोन तारा जोडणारा तारेचा तुकडा) तुटला म्हणून रात्री आम्ही निघालो. जीप एका पाड्याजवळ अडली म्हणून बॅटरीच्या उजेडात शेतातून चालत होतो. हातात दोर, खांद्यावर झोळी, अंगावर चिखल. चोर जसे दिसत असतील तसेच आम्ही दिसत होतो. लोकांनी घेरलं. आमचा वायरमन म्हणाला, आम्ही मंडळाची माणसं. त्यावर एक तरुण ओरडला, चोर हेच सांगणार. तो काही चूक बोलला नाही, चोरही तेच सांगेल. ओळखपत्र दाखवलं तर खोटं म्हणाले. तेवढ्यात गस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, 'परमिट कोणत्या फीडरवर घेतलंय? ऑपरेटर कोण आहे आज?' त्यांचा पुतण्या उपकेंद्रात रोजंदारीवर होता, म्हणून त्यांना हे शब्द ठाऊक. फीडर म्हणजे उपकेंद्रातून निघणारी लाइन, आणि परमिट म्हणजे ती बंद ठेवून काम करायची परवानगी. आम्ही सांगितलं. बाबांनी एका पोराला फोन असलेल्या घरी पिटाळलं. उपकेंद्रातल्या ऑपरेटरनं रजिस्टर बघून तेच नाव, तोच फीडर सांगितला. काठ्या खाली आल्या. मग त्यातलेच दोघे आमच्याबरोबर खांबापर्यंत आले आणि बॅटरी धरून उभे राहिले.

बाबांनीही संशयच घेतला होता. पण त्यांनी असा प्रश्न विचारला की आम्ही खोटे असतो तर पकडले गेलो असतो आणि खरे असू तर सुटलो असतो. आणि उत्तर आमच्या तोंडून ऐकून ते थांबले नाहीत, तिसऱ्याला विचारलं. तरुणाच्या प्रश्नाला असं कुठलंच उत्तर नव्हतं. त्या रात्री आमचा जीव त्या दोन प्रश्नांच्या मधे अडकला होता हे मी कधी विसरलो नाही. २०१८ ची बातमी वाचली त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्या पाच जणांना विचारायला तिथे असे एक बाबा हवे होते, एवढंच रात्रभर मनात येत राहिलं.

म्हणून तुमच्या गावात करता येतील अशी कामं सांगतो. पोलीस पाटलांचा आणि ठाण्याचा नंबर बाजाराच्या चौकात मोठ्या अक्षरात रंगवून ठेवा. संशय आला की आधी ११२, मुलाची गोष्ट असेल तर १०९८. पाहुण्याला बसवा, पाणी द्या, कुठून आलात, तिथे कुणाला ओळखता विचारा आणि त्या गावी फोन लावा. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. आमच्या वेळी पोराला अर्धा मैल पळावं लागलं होतं. गर्दी जमायला लागली की दोन धीराची माणसं पाहुण्याच्या बाजूला उभी राहतील, हे ग्रामसभेत नावं घेऊन आधी ठरवा. त्या क्षणी कुणी आपणहून पुढे येत नाही. मेपल स्ट्रीटवर स्टीव्ह नावाचा एक समजूतदार माणूस होता, पण तो एकटा पडला. पुढे त्याच्यावरही संशय घेतला गेला.

आणि आलेला संदेश पुढे पाठवण्याआधी त्यात तारीख, गाव, ठाण्याचं नाव आहे का बघा. नसेल तर तो तुमच्या फोनमध्येच राहू द्या.

हा भाग आठवीच्या वर्गाला दाखवावा का? मुलं घाबरतील का? (अमळनेर)

दाखवा. रक्त थोडं आहे, राक्षस तर नाहीतच. इंग्रजी जुन्या वळणाचं आणि भराभर बोललेलं आहे, तेव्हा गोष्टीचा पहिला अर्धा भाग आधी मराठीत सांगून टाका. अंधारातून सावली येते तिथे, गोळी सुटायच्या आधी, थांबवा. फळ्यावर गुडमन, चार्ली, स्टीव्ह, पीट, टॉमी अशी नावं लिहा आणि प्रत्येकापुढे मुलांकडून दोन गोष्टी भरून घ्या : याच्याबद्दल गल्लीला नक्की काय माहीत आहे आणि काय नुसतं वाटतं आहे. मग त्या सावलीला कोणता प्रश्न विचाराल ते प्रत्येकानं वहीत लिहायचं. त्यानंतरच पुढचं दाखवा. एक तास पुरणार नाही, दोन सलग तास मागून घ्या. मुलांनी लिहिलेले प्रश्न मला पाठवलेत तर पुढच्या अंकात त्यातले काही छापायची माझी इच्छा आहे.